गंज न लागणारी तार

हॅलो?

हॅलो, कोण बोलतंय? … कोण? … चिंगे, तू होय. मग बोल ना सरळ. नुसती मुसमुसतेस, मला वाटलं पुन्हा ती बातम्यांवालीच. कालपासून एक बाई सारखी फोन करून विचारतेय, 'आत्ता या क्षणी तुम्हाला काय वाटतंय?' मी म्हटलं, आत्ता या क्षणी मला वाटतंय की तुमचा फोन पाण्यात पडावा.

नाही… नाही गं, काही कळलेलं नाही. तुमच्याकडे टीव्हीवर जे सांगतात तेवढंच. … हो, दुकानात आहे. … अगं उघडलं म्हणजे काय, शटर अर्धं वर केलंय आणि आत बसलेय. घरी बसवेना. फाटकाशी ते कॅमेरेवाले ठिय्या देऊन बसलेत आणि शेजारीण त्यांना चहा पाजतेय. एरवी वाटीभर साखर मागितली तर हिची कालच संपलेली असते. … इथे बरं आहे. कपडे काही विचारत नाहीत.

नाही, रडत नाहीये. … चिंगे, नवरा समुद्राच्या तळाशी असला म्हणून बायकोनं दिवसभर रडतच बसलं पाहिजे असं कुठे आहे? परवा रडले, काल रडले. आज शर्टांना इस्त्री केली. गठ्ठाभर केली. एकाची कॉलर जाळली. … हो, मीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आई कशा आहेत? … जेवल्या? … खोटं बोलू नकोस. … हं. … टीव्हीसमोरून हलत नाहीत? मग बंद कर ना तो. … तेही खरंच. बंद केलास तर त्यांना वाटेल काहीतरी लपवताहेत.

काय म्हणतात? … 'वर येईल.' … हो, ऐकलं मी. सकाळी घरून निघायच्या आधी मीही बघितलं त्या टायवाल्याला. कंपनीचा पढवलेला पोपट. पाणबुडीचं एवढं मोठं चित्र घेऊन आला होता. 'आतले चौघेही बेशुद्ध पडले तरी चिंता नाही. पाणबुडीच्या पोटाखाली वजनं टांगलेली असतात. ती ज्या कड्यांना टांगलीत त्या कड्या खाऱ्या पाण्यात आपोआप विरघळतात. दिवसभरात वजनं सुटतात आणि पाणबुडी बुचासारखी वर येते.' … हो ना, आईंना पाठच झालं असणार. आणि म्हणे ती वर आलेलीच आहे, पांढरी आहे ना, लाटांच्या फेसात दिसत नाहीये इतकंच. झाकण बाहेरून बोल्ट लावून बंद केलंय, आतल्यांना उघडता येत नाही, म्हणून लवकर सापडायला हवी. झालं. विमानं काय, बोटी काय, सगळे पाण्याच्या वर घिरट्या घालताहेत.

अगं ऐक ना… हो, हो… ऐक तर. मी तुमच्याकडेच फोन करणार होते. तुला नाही, तुझ्या नवऱ्याला, भाऊजींना. आहेत का घरी? … अजून ऑफिसातच? … माझा फोन उचलत नाहीयेत. सकाळपासून लावतेय. … असतील कामात. कंपनीची पाणबुडी हरवल्यावर कंपनीतल्या माणसाला काम असणारच, मी कुठे नाही म्हणते.

काम त्यांच्याशीच आहे. त्यांचं कुणीतरी ऐकेल, माझं कोण ऐकणार? कपड्यांवरचे डाग काढणारी बाई मी. … बरं, तुला सांगते. पण आधी आईंपासून लांब जा. स्वयंपाकघरात जा. … गेलीस? दार लाव. … खुर्ची घे आणि बस.

तो वर येणार नाही, चिंगे.

नाही… नाही, मेला असं कुठे म्हणाले मी? … अगं पुरतं ऐकून तर घे. त्या कड्या विरघळल्या असतील. नक्की विरघळल्या असतील, त्यात टायवाला खोटं बोलत नाहीये. पण वजनं सुटणार नाहीत. वजनांना तार बांधलेली आहे.

तार. … तुझ्या दादानं. … सांगते ना.

गेल्या मोसमात लागोपाठ फेऱ्या रद्द झाल्या होत्या, आठवतं? पाणबुडी तराफ्यावर ठेवून जहाजामागून ओढत नेतात. त्या ओढाताणीत वजनं हिंदकळायची, कड्या तुटायच्या आणि वजनं भर वाटेतच पाण्यात जायची. मग फिरा माघारी. पाहुणे चिडायचे. कुठून कुठून आलेले असतात ते, बुडालेलं जुनं जहाज काचेतून बघायला. आणि मालक डाफरायचा तुझ्या दादावर, जसं काही लाटा हाच उठवतो. मग ह्यानं डोकं चालवलं. प्रत्येक वजनाला बाजूनं तारेचा एकेक फास. ओढत नेईपर्यंत वजन तारेनं धरून ठेवायचं. पाणबुडी खाली सोडायच्या आधी डावऱ्यानं पाण्यात उतरून पक्कडीनं फास कापायचे. … तोच तो, बुडी मारणारा. आपल्याकडे जेवायला आला होता आणि डाव्या हातानं जेवतो म्हणून आईंनी त्याच्याकडे टक लावून बघितलं होतं, तो.

मग ठोके. आतून तुझा दादा दोन ठोके मारणार, ठक ठक. म्हणजे, कापलीस का? बाहेरून डावऱ्या दोन मारणार, ठक ठक. कापली. की निघाली पाणबुडी खाली. … हो ना, त्याची खोडच ती. बाथरूमच्या दारावर तसंच, गाडीच्या टपावर तसंच. मी आत साडी नेसत असले तरी दारावर ठक ठक, झालं का? मला काय वैताग यायचा त्याचा.

परवा तार कापलीच नाही.

मला कसं कळलं? डावऱ्यालाच विचारलं. सकाळी टायवाल्याचं ते चित्र बघितलं. चित्रात कडी होती, वजन होतं, तार नव्हती. फोन लावला त्याला. म्हटलं, परवा तार कापली होतीस ना रे? मग म्हणाला, 'वहिनी, समुद्र फार खवळला होता. मला उतरू दिलं नाही.' पुढे त्याला बोलवेना. मोठा बाप्या माणूस, लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. शेवटी मीच म्हटलं, ठेव बाबा फोन.

हो, तरी गेला. … माहीत असून गेला. बाहेरून ठोके आले नाहीत म्हणजे तार तशीच आहे, हे त्याला नको कळायला? त्यानंच तर ठरवलेली पद्धत. … का गेला म्हणून मला काय विचारतेस? तू सख्खी बहीण ना त्याची? 'एका दिवसानं काय होतंय.' हेच, दुसरं काय. गॅसची नळी तडकली, एका दिवसानं काय होतंय. गाडीचा ब्रेक करकरतोय, एका फेरीनं काय होतंय. माझ्या गोळ्या आणायला विसरला, एका दिवसानं काय होतंय गं, तू काय मरतेस? … मी नाही मेले. बघ.

अगं दांडा आहे ना, आतून वजनं सोडायचा दांडा आहे. पण तो दांडा कडी सोडतो. तार नाही सोडत. … हो. म्हणजे सगळं त्या तारेवर येऊन थांबलंय.

खाली नेमकं काय झालं ते मलाही माहीत नाही. वीज गेली असेल, कशात अडकली असेल. पण जिवंत असले तर ते खाली आहेत आणि मेले असले तरी खालीच आहेत. वर कुणी नाही. आणि हे उंटावरून शेळ्या हाकणारे टीव्हीवर येऊन सांगताहेत, उत्तरेला शोधा, नाहीतर पूर्वेला शोधा.

खाली जाणारा एकच आहे, तो रोबो. कॅमेरेवाला, हातवाला. वेळ पडली तर तार कापूही शकेल. कुठे आहे माहीत आहे का तो? बंदरात. जहाजावर चढवून झाकून ठेवलाय. कंपनी म्हणते आधी वरचा शोध पुरा होऊ दे. काल निघाला असता तर आतापर्यंत पोचला असता. आज निघाला तर पोचायला मध्यरात्र, आणि आतली हवा पुरणार उद्या सकाळपर्यंत. तीसुद्धा चौघं गप्प पडून राहिले तर. घाबरलेलं माणूस जास्त श्वास घेतं म्हणे. म्हणजे जगायचं असेल तर जगायचीसुद्धा घाई करायची नाही.

बचाव केंद्राचा नंबर माझ्यासमोर आहे. दोनदा लावला. दोन्ही वेळा पहिली रिंग वाजायच्या आत ठेवून दिला. तिसऱ्यांदा लाववेना, म्हणून म्हटलं तुमच्याकडे लावावा, तेवढ्यात तुझा फोन.

का म्हणजे? … कारण भीती वाटते मला. एकदा हे माझ्या तोंडून निघालं की संध्याकाळपर्यंत जगभर होईल, चालकानंच तार बांधली होती. आत आणखी तिघं आहेत, चिंगे. ती म्हातारी बाई आहे ना, टोपीवाली, तिची नात काल टीव्हीवर बोलत होती. म्हणाली, आमचा चालकावर पूर्ण विश्वास आहे. … मी तेव्हा भाजी चिरत होते. सुरी बाजूला ठेवून दिली.

म्हणून म्हटलं, भाऊजींनी कंपनीतून सांगावं. त्यांच्या त्या साहेबी भाषेत. 'काही तांत्रिक कारणानं वजनं सुटली नसण्याची शक्यता आहे.' बस्स. कुणाचं नाव नको, तार नको, काही नको. रोबो निघाला म्हणजे झालं. बाकीचं नंतर बघू. नंतर माझ्या तोंडाला काळं फासा हवं तर.

हं… हं… 'झाकली मूठ' काय, चिंगे? झाकून ठेवायला मुठीत काहीतरी असावं लागतं. माझ्या मुठीत आहे काय? … हो, आईंचं खरं आहे, हे वय नाही असलं ऐकायचं. … दादाचं नाव, हो. … तुझ्या मुलांच्या शाळेत, हो, तेही होईल. … हो… हो… कळतंय मला… काय?

काय म्हणालीस?

नाही, त्याच्या आधी. … त्याच्या आधी काय म्हणालीस? … 'एवढ्याशा हँगरच्या तारेनं काय एवढी मोठी पाणबुडी अडून राहणार आहे?'

चिंगे, मी तार म्हणाले. हँगर कुठे म्हणाले?

नाही. … नाही म्हणाले. मला पक्कं माहीत आहे, कारण तो शब्द सकाळपासून माझ्या घशात अडकलाय. डावऱ्यापुढेसुद्धा उच्चारला नाही मी. लाज वाटते म्हणून नुसतं तार तार करतेय. तुला कुणी सांगितलं हँगरची म्हणून?

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. … भाऊजींनी. … कधी? … रडू नंतर, आधी सांग कधी. … परवा रात्री.

परवा रात्री. बरं.

म्हणजे परवा संध्याकाळी तू माझ्या घरी होतीस, मी तुझ्या गळ्यात पडून रडत होते आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होतीस, 'येईल गं वहिनी, वर येईल,' तेव्हा… तेव्हा नव्हतं माहीत? घरी गेल्यावर कळलं? … ठीक आहे, मानलं. मग काल? काल सकाळी डबा घेऊन आलीस. माझ्यासमोर बसलीस, मला दोन घास खायला लावलेस, आणि निघताना पुन्हा तेच. 'वर येईल.' काल तर माहीत होतं ना?

बोल ना आता.

म्हणजे डावऱ्यानं परवाच सांगितलं होतं मालकाला. … आणि मालकानं सगळ्यांना बसवलं. … आणि काय ठरलं? … अळीमिळी गुपचिळी. का तर तार होती हे कबूल केलं की पुढचा प्रश्न येणार, तार कापली नाही हे दिसत असताना फेरी सोडली कुणी? तो प्रश्न नको म्हणून विमानं उडवताहेत. माझा नवरा तळाशी आणि हे वर विमानं उडवताहेत. आणि भाऊजी त्या खोलीत बसले होते. … काय म्हणाले ते? … काहीच नाही म्हणाले. चांगलं आहे. कमी बोलणारा माणूस, असं तुझ्या लग्नात सगळे कौतुकानं म्हणत होते.

एक मिनिट थांब. गिऱ्हाईक आलंय. … नाही साहेब, दुकान बंद आहे. … हो, शटर अर्धं उघडं आहे, तरी बंदच. … कोट? राखाडी? … तयार आहे. थांबा, देते. … हो, डाग गेला पूर्ण. … नाही, हँगर नाही मिळणार. कोट घडी करून न्या. … चुरगळेल तर चुरगळू दे, साहेब, हँगर नाही देणार मी. … हो. हो, मीच ती. … बरं. … धरते धीर. या.

आहेस का? … हो, तो माणूस चमकून बघत गेला. हँगर माझ्या हातातच राहिलाय अजून.

माहीत आहे ही तार कुठून आली? मीच आणली. पूर्वीच्या हँगरचा गंज पांढऱ्या शर्टांना लागायचा, खांद्यावर तांबडे डाग. गिऱ्हाइकं भांडायची. मग मी शोधून शोधून ही आणली, वर मुलामा दिलेली. गंज न लागणारी. बाहेर पाटीवरसुद्धा रंगवून घेतलं, डाग लागणार नाही याची हमी. हा एक दिवस दुकानात आला, एक हँगर सरळ केला, वाकवून बघितला. म्हणाला, 'खाऱ्या पाण्यात किती दिवस टिकेल गं?' मी काय म्हणावं? मी हसून म्हटलं, तुझं-माझं आयुष्य सरेल, पण ही सरायची नाही. … खूश झाला. एक जुडगाच उचलून घेऊन गेला. मी मागून ओरडले, अरे, ओले कपडे वाळत टाकायला नेतोस की काय? म्हणाला, हो, तसंच काहीतरी. नंतर एकदा जेवताना सांगितलं खरं काय ते. आणि मला कौतुक वाटलं गं. माझ्या दुकानातली तार एवढ्या खोल जाऊन येते, म्हणून कौतुक.

नाही, तुझ्यावर नाही ओरडत. ओरडायला जोर लागतो. … अगं, कळतं मला. एकीकडे भाऊ, एकीकडे नवरा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तुला दोघांतून एक निवडायला लागलं आणि तू निवडलास. पण माझ्याकडे एकच आहे, चिंगे, आणि तो खाली आहे. … नाही, माफबिफ काही म्हणू नकोस. आत्ता नको. माफ केलं म्हणाले तर ते खोटं होईल आणि नाही म्हणाले तर तू रडत बसशील, आणि माझ्याकडे दोन्हीला वेळ नाही.

ठेवते मी. … काय आशा? … कसली आशा, काय सांगितलं बातम्यांत? … इथे टीव्ही कुठला, दुकान आहे हे. … आवाज? कसले आवाज? … पाण्यात सोडलेल्या त्या यंत्रांना ऐकू आले. … कधी? … आणि काय म्हणताहेत? … हं. जहाजाच्या इंजिनाचा असेल, नाहीतर कुठे काही आदळत असेल. तज्ज्ञ म्हणताहेत ना, मग असेल.

कसा आवाज पण? … नीट ऐकला नाहीस? वाजवून दाखवला असेल ना त्यांनी. … आईंनी ऐकला? मग विचार त्यांना. … विचार ना, दार उघड आणि विचार. … मी धरून आहे.

हॅलो? … आई? तुम्ही घेतलात फोन? … नाही, नाही, बरी आहे मी. तुम्ही जेवला का नाहीत? … बरं, नाही विचारत. … हो, ते आवाजाचंच विचारत होते चिंगीला. … हो. … हो.

दोन?

दोन, मग थांबून पुन्हा दोन. … अजून एकदा सांगा, आई. … ठक ठक. … ठक ठक.

तुम्ही ओळखलेत? … ऐकल्याबरोबर? … लहानपणापासून तसाच ठोकायचा दार. हो. शाळेतून आला की. … म्हणून उठला नाहीत टीव्हीसमोरून. आणि आम्हाला वाटत होतं… काही नाही. आम्हाला काहीही वाटत होतं. कुणाला सांगितलं का नाहीत मग? … सांगितलं होतंत? चिंगीला? … आणि ती म्हणाली, भास होतोय तुम्हाला.

नाही आई. भास नाही.

तो दार उघडा म्हणत नाहीये. … काय म्हणतोय ते मला माहीत आहे. … सांगते. बसा तुम्ही आधी. … बसलेल्याच आहात, बरं. आई, पाणबुडीच्या वजनांना तार बांधलेली आहे. खाली जायच्या आधी ती कापायची असते, परवा कापायची राहिली. ती असेपर्यंत पाणबुडी वर येत नाही. बाहेरच्या माणसाला तो तसंच विचारायचा, दोन ठोके मारून. तार कापलीस का. … हो. तेच विचारतोय. परवापासून तेच विचारतोय, आणि बाहेर कुणी नाही.

हो, खालीच आहे. … नाही येणार वर. टीव्हीवर सांगतात ते खरं नाही. … हो, त्यांना माहीत आहे. … जावयांनाही माहीत आहे. … चिंगीलाही.



वाचेल का? … मला नाही माहीत, आई. खोटं कशाला सांगू. जागा फार खोल आहे. अजून कुणी निघालेलंसुद्धा नाही, आणि निघाले तरी पोचेपर्यंत हवा उरेल की नाही… उरेल कदाचित. थोडीशी. काल कळलं असतं तर जास्त उरली असती. मला विचाराल तर फार आशा नाही. पण ठोकतोय तोवर आहे ना तो.

मीच करते फोन, आता लगेच. नंबर आहे माझ्याकडे. … काय? … हो, विचारतील, तार बांधली कुणी. विचारणारच. … मी म्हटलं होतं मोघम सांगावं, नाव न घेता. … नको? … का पण? … हो. मोघम सांगितलं तर मोघमच शोधतील. … बरं.

बघा हं आई, सगळीकडे होईल. तुमच्या दारात कॅमेरे येतील. त्या बाकीच्या तिघांच्या घरचे… … हो. … हो, ऐकतेय.

'माझ्या मुलानं बांधली म्हणून सांग.' … असंच सांगू? तुमच्या शब्दांत? … बरं. त्यानंच बांधली आणि तार माझ्या दुकानातली, हँगरची. आणि ते ठोके त्याचेच आहेत, हे त्याची आई सांगतेय म्हणून सांगते. विश्वास नाही बसला तर तुम्हाला फोन करतील, जवळच बसून राहा. उचला लगेच. चिंगीला उचलू देऊ नका.

नाही, तुम्ही ठेवा आधी. … मला ठेववत नाहीये, आई. ठेवला की तो फोन करावा लागणार. … हो. हो, कळलं.

तो विचारतोय आणि मी गप्पा मारत बसलेय. ठेवते.